निळा, पंचवीस टक्के

ब्रिजपोर्ट, कनेटिकट. हिवाळा, १९४९

मिस हॅलोवेल,
तुमची चिठ्ठी मिळाली. ऑन्द्रेयच्या डब्यात होती,
लोण्याचा डाग पडलेली.
शुक्रवारी शाळेमागच्या मैदानात होळी,
दहा कॉमिक्स आणणाऱ्याला पितळी बिल्ला.

मला इंग्रजी वाचता येतं याचं नवल वाटेल तुम्हाला.
कोशित्सेहून आले तेव्हा "थँक यू"च्या पुढे गाडी जात नव्हती.
रात्रशाळेतलं व्याकरण दिव्याखाली माझ्याबरोबरच पेंगायचं.
फुग्यातला माणूस मात्र "थांब!" ओरडायचा
आणि त्याचा पंजा वर असायचा.
थांब म्हणजे काय, ते पंजा सांगायचा.

माझं काम तुम्हाला ठाऊक नसणार.
हाउसाटॉनिक रस्त्यावरच्या छापखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही चौदा बायका पारदर्शक फिल्मवर ब्रश चालवतो.
रंग एकच, विटकरी.
गवत विटकरी, रक्त विटकरी, नायिकेचे डोळे विटकरी.
यातलं कुठलं आकाश होणार
ते कोपऱ्यातला आकडा सांगतो: निळा, पंचवीस टक्के.
आठ वर्षं मी आकाश रंगवलं
आणि एकदाही ते निळं पाहिलं नाही हातात असताना.

तुम्ही म्हणता, चित्रं बघून पोरांची डोकी बसतात.
बाई, कधी दोन चौकटींमध्ये पाहिलंत?
बोटभरसुद्धा नाही, कोरी पांढरी पट्टी.
अलीकडे माणूस दाराला खांदा लावतोय.
पलीकडे दार आडवं, धूळ उडालेली.
मधे दार पाडलं कुणी?
चित्रकाराने नाही. मी नाही, तिथे आम्हाला रंग लावायचीही परवानगी नाही.
आठ वर्षांच्या पोराने पाडलं,
रजईखाली, नाक ओढत, तुमच्या गृहपाठाच्या वेळात.

आणि हो, त्यात कचरा आहे. पुष्कळ आहे.
कवट्या, सुरे, अंगावर कपडे कमी असलेल्या बाया.
मीच रंगवल्यात. रंगवताना मान दुसरीकडे करून
शेजारच्या रोझालीला म्हटलंय, हे कोण काढतं गं?
पण तुमच्या ग्रंथालयातली सगळी पुस्तकं
कातडी बांधणीची आहेत म्हणून शहाणी आहेत का?

मी आले शुक्रवारी. मागच्या कुंपणापाशी उभी होते,
तुम्ही ओळखलं नसणार.
पोरं रांगेत होती, बँडवाल्याचा ढोल होता,
रॉकेलचा डबा तुमच्या हातात होता आणि हातमोजे पांढरे.

ऑन्द्रेयने अकरा टाकली.

घरी आल्यावर बिल्ला टेबलावर ठेवला त्याने, उलटा.
म्हणाला, आई, तुझी वाचवणार होतो.
सगळी पानं उलटली.
तुझं नाव कुठेच नव्हतं,
मग कुठली ठेवायची ते कळेना.

मी त्याला रागावले नाही. सूप वाढलं.
नाव नसतंच, म्हटलं. चौदाजणींचं कुणाचंच नसतं.
मग त्याला माझी खूण दाखवली, वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलीने:
छपरापाशी आकाश येतं ना,
तिथे माझा निळा केसभर बाहेर जातो.
मुकादम त्यासाठी दोनदा पगार कापतो.

सोमवारी माझ्या टेबलावर एक पान आलं.
जळतं कोठार, घोडे बाहेर पळताहेत.
आकडे नेहमीचेच: पिवळा शंभर, तांबडा पन्नास.
मी कोपऱ्यात पेन्सिलीने निळा लिहिला,
ज्वाळेच्या बुडाशी, थोडासाच.

मुकादम मिस्टर डोब्रिन्स्की चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
ल्युबा, आग कधी निळी असते का?

शाईची असते, मी म्हटलं.
शुक्रवारी पाहिली.